एक वीत खाली

रविवार, आठ मे एकोणीसशे त्र्याऐंशी. सकाळचे सव्वासहा. लातूरला अक्काच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पाणसळीची नळी धरून उभा होतो, आणि दोनच दिवसांपूर्वी काटेकोर बसवलेले यंत्र एका बाजूने अंगठाभर खचले आहे, असे नळीतले पाणी मला सांगत होते.

पाण्याशी वाद घालता येत नाही. पारदर्शक नळीची दोन टोके यंत्राच्या दोन कोपऱ्यांशी धरायची. पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीवर थांबते. यंत्र वाकडे असेल तर ते वाकडे आहे. त्या नळीत भरायला अक्काने घागरीतून एक तांब्या पाणी काढून दिले होते. टँकर परवा येऊन गेला होता आणि पुन्हा कधी येईल, हे टँकरवाल्यालाही माहीत नव्हते. माप झाले, की नळी परत तांब्यात रिकामी करायची, असा करार होता. नळी धुऊन घेतली होती. तेच पाणी दुपारी आम्ही प्यालो.

मोटार जोडायला आलेला हमीद वायरमन दारातच थबकला.

"मास्तर, मशीनला पाणी पाजून राहिले काय? पहिलं आम्हाला तर पाजा."

"तोंड मिटून ठेव हमीद," अक्का आतून म्हणाली, "म्हणजे तहान कमी लागती."

आता मी नांदेडला राहतो. घरामागे थोडी मोकळी जमीन आहे. मे लागला, की तीही फाटते. मी दरवर्षी एका भेगेत फूटपट्टी सोडून बघतो. यंदा पट्टी पूर्ण आत गेली आणि तळ लागला नाही. सून म्हणते, "बाबा, हे काय रोज मोजता?" काळ्या मातीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिच्यावर कधी काही उभे केलेले नसते. पावसात ती फुगते आणि उन्हात आखडते. तिच्या या श्वासोच्छ्वासावर ज्वारी वाढते, हे खरे. पण बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, जड यंत्र त्या श्वासावर उभे केले, तर ते आठवडाभरही सरळ राहत नाही. ती भेग दिसली, की मला लातूरचा तो उन्हाळा दिसतो आणि राग येतो. एवढ्या वर्षांनी तो उतरायला हवा होता. उतरलेला नाही. उतरावा, असे मलाही वाटत नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. जिल्हा नवा होतो म्हणजे नेमके काय होते, हे त्या उन्हाळ्यात मी डोळ्यांनी पाहिले. पाणी आधी नव्हते, नंतरही आले नाही. पाट्या मात्र आल्या. कचेऱ्या आल्या. कचेऱ्यांमागून साहेब आले, साहेबांमागून शिपाई आले आणि शिपायांना बसायला स्टुले लागली. फायली ठेवायला मांडण्या लागल्या. अर्ज घेऊन येणाऱ्यांना ताटकळत ठेवायचे तर बाकडी लागली. सकाळी उठून बघावे तर एका रस्त्यावर रिकाम्या घागरींची रांग असे आणि दुसऱ्या रस्त्यावरून टेबले वाहणारा ट्रक जात असे. ट्रक वेळेवर येत. टँकरचे तसे नव्हते.

या लाकडी सामानाची कामे गुत्तेदारांकडे होती, आणि गुत्तेदार ती खाली वाटून देत. त्यातले स्टुलांचे एक काम अक्काला मिळण्यासारखे होते. अट एकच होती. माल यंत्रावर काढलेला हवा, हातरंध्याचा नको. आणि नमुना गुत्तेदाराच्या डोळ्यांसमोर निघायला हवा. रविवारी दुपारी चारला तो येणार होता.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमचे वडील लाकडाच्या अड्ड्यावर हमाली करीत. त्यांची भाकरी घेऊन ती रोज अड्ड्यावर जाई आणि ओंडक्यांवर बसून राही. सागवान, शिसव, बाभूळ, कडुनिंब ती वासावरून ओळखायची. नवऱ्याने टाकल्यावर ती लातूरला परत आली आणि वडिलांच्या ओळखीने मिळालेल्या तुकड्यांतून पोळपाट, लाटणी, चौरंग करू लागली. हातात वाकस आणि पटाशी. आठवड्याच्या बाजारात विकायची. पण दुष्काळात पोळपाट कोण घेतो? त्या वर्षी फेब्रुवारीपासून ती रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी हिमायतनगरहून सुट्टीला आलो, तेव्हा तिने हात पदराखाली धरले होते. जेवायला बसल्यावर ते दिसले. बोटांची टोके फुटली होती.

यंत्र चालले तर खडी सुटणार होती. नाही चालले तर सोमवारी सकाळी ती पुन्हा रस्त्यावर जाणार होती. एवढाच प्रश्न होता.

मी हिमायतनगरच्या शाळेत काष्ठकाम शिकवीत असे. यंत्र घेण्याचा विचार माझा, हिंमत तिची. ते राजकोटकडून खोक्यात, गवतात गुंडाळून आले. एकाच दांड्यावर तीन कामे करणारे यंत्र होते ते. मधोमध फळी गुळगुळीत करणारा रंधा, एका बाजूला गोल करवत आणि दांड्याच्या टोकाला भोके पाडायचे गिरमिट. मोटार एकच; पट्टा तिन्ही कामांना तोच. लाकूड इस्लापूरकडचे सागवान, थोडेसे. बाकी बाभूळ, जी त्या वर्षी कुठेही मिळे, कारण झाडे उभ्याउभ्या वाळत होती. शेडमध्ये बाभळीच्या भुशाचा आंबूस, तुरट वास भरलेला असे. सकाळचे दहा वाजले, की पत्रा तापे आणि यंत्राच्या बिडाच्या मेजावर हात टेकवता येत नसे. गोणपाट ओले करून टाकावे, असे हमीद एकदा म्हणाला. आम्ही दोघांनी त्याच्याकडे फक्त पाहिले.

यंत्र खचले होते हा एक प्रश्न झाला. दुसरा त्याहून मोठा होता. ते अक्काला उंच होत होते.

रंध्याचे मेज माणसाच्या कोपरापेक्षा मूठभर खाली असावे लागते. तसे असले, तर फळी ढकलताना अंगाचा भार हातांवर येतो आणि हात स्थिर राहतात. मेज कोपराशी आले, तर खांदे उचलले जातात, टाचा उचलल्या जातात आणि हात फिरत्या पात्यांच्या दिशेने घसरायला निमित्त शोधतात. अक्का लहानखुरी. मेज तिच्या कोपराच्याही वर येत होते. राजकोटला ज्याने या यंत्राची उंची ठरवली, त्याच्यासमोर एक पुरुष उभा असणार, आणि धडधाकट पुरुष. यंत्र कोण चालवणार, हा प्रश्न त्याला पडलेलाच नव्हता. न पडलेल्या प्रश्नांची किंमत नेहमी दुसरेच कोणी तरी मोजते.

हमीदने वायर गुंडाळता गुंडाळता तोड सांगितली. "आपाला पाट द्या की मास्तर. पाटावर उभं राहतील. मामला खतम."

"नाही."

"का म्हून?"

"फिरत्या पात्यासमोर पाट ठेवायचा? फळी ढकलताना एक पाऊल पुढे जाते. ते पाटावरून खाली पडले तर हात कुठे जाईल?"

अक्का घमेले घेऊन आली होती. ती म्हणाली, "एकदा उभी राहिले व्हते पाटावर. लग्नात. त्याचं काय झालं, सगळ्या गावानं बघितलं."

हमीद हसला. मी हसलो नाही. ती बरोबर बोलत होती.

मला संताप आला तो त्या सल्ल्याच्या सहजपणाचा. हमीद भला माणूस होता. त्याने वाईट हेतूने काहीच म्हटले नव्हते. पण माणूस आणि यंत्र यांचे जमत नसेल, तर माणसाने टाचा उंचावाव्यात, हे सगळ्यांना इतके स्वाभाविक का वाटते? यंत्राला हात लावायचा नाही, ते जसे आले तसे थोर. माणसाखाली मात्र काहीही सरकवा. त्याच आठवड्यात गल्लीतल्या चौघांनी मला येऊन सांगितले होते, की बाईमाणसाला यंत्रावर उभे करू नका, पदर अडकेल. सांगणाऱ्या चौघांपैकी तिघांच्या अंगावर धोतर होते आणि चौथ्याच्या गळ्यात उपरणे. धोतराचा सोगा पट्ट्यात अडकला, तर तो अपघात. पदर अडकला, तर तो बाईचा दोष. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पट्ट्यावर आणि चाकांवर बारीक जाळीची पेटी बसवली. सोगाही जाणार नाही आणि पदरही जाणार नाही. करवतीवर लाकडी झाकण बसवले, जे फळी आली की वर उचलले जाई आणि फळी गेली की आपोआप खाली येई. यंत्र चालू-बंद करायचा खटका मागच्या बाजूला, पुरुषाच्या खांद्याच्या उंचीवर होता. तो मी काढला आणि मांडीशी येईल असा पुढे लावला. दोन्ही हात गुंतलेले असले, तरी मांडीच्या धक्क्याने यंत्र थांबावे. कंपनीने सुटे भाग पाठवले होते. त्याचे अक्काच्या मापाचे यंत्र करायचे काम आमचे होते.

परवा इथे नांदेडला आमच्या वसाहतीतले एक निवृत्त अभियंते मला त्यांचे नवे यंत्र दाखवायला घेऊन गेले. वाहन ठेवायच्या जागेत त्यांनी कारखाना थाटला आहे. यंत्र सुरेख आहे. रंधा, करवत, गिरमिट, वर धूळ ओढणारी नळीसुद्धा. त्यांच्या सुनेला या कामाची खरी आवड आहे. मुलासाठी ती लहान लहान खुर्च्या करते. ती काम करीत होती. एका पालथ्या घातलेल्या प्लास्टिकच्या क्रेटवर उभी राहून.

मी म्हणालो, "हे यंत्र खाली घ्या."

अभियंते म्हणाले, "काका, स्टँड कंपनीचे आहे. उंची प्रमाणित असते."

"कोणाच्या प्रमाणाने?"

ते हसले. माझ्या वयामुळे मला अशी हसणी मिळतात. सून हसली नाही. तिने यंत्र बंद केले, क्रेटवरून उतरली आणि आपल्या कोपराकडे आणि मेजाकडे एकदा बघितले. घरी येऊन मी फूटपट्टी घेतली आणि मागच्या भेगेत सोडली. हा लेख त्यानंतर लिहायला घेतला आहे.

त्या रविवारी आम्ही दोन्ही प्रश्नांचे एकच उत्तर काढले. यंत्राचे पाय बिडाचे होते. बीड कापायला गेले, तर तडकते. पाय कापून उंची कमी करण्याचा मार्ग नव्हता. मग जमीनच खाली न्यायची. काळी माती मुरुमापर्यंत काढून टाकायची, मुरुमावर दगड बसवायचे, दगडांवर बाभळीचे दोन ओंडके आडवे टाकायचे आणि त्यांवर यंत्र उभे करायचे. अक्का उभी राहील ती मूळ जमिनीवर, यंत्र उभे राहील खड्ड्यात. मुरूम हलत नाही. तो पावसात फुगत नाही आणि उन्हात आखडत नाही. सिमेंटचा पाया घालावा, असे कोणीही म्हणेल. सिमेंटला रोज पाणी मारावे लागते. लातुरात त्या मे महिन्यात माणसाच्या तोंडावर मारायला पाणी नव्हते.

हमीद, अक्का आणि मी, तिघांनी खणले. वरची माती ढेकळांत निघाली, दगडासारखी. खाली ती थोडी मऊ लागली. इतक्या खोल, इतक्या उन्हात तिने कुठला तरी ओलावा धरून ठेवला होता. अक्काने त्यातले एक ढेकूळ उचलून गालाला लावले आणि घमेल्यात टाकले. हातभर खाली मुरूम लागला, पिवळसर, कडक. दगड रचले, ठोकले. ओंडके टाकले. यंत्र तरफेने सरकवून खड्ड्यात उतरवले, तेव्हा बारा वाजून गेले होते. नळीत पुन्हा पाणी भरले. जिथे फट राहिली, तिथे बाभळीच्या पाचरी ठोकून मेज समपातळीत आणले. मग अक्काला उभे केले. तिने हात लोंबते सोडले, कोपर वाकवले आणि मूठ मेजावर टेकवली. मूठ बरोबर बसली. यंत्र मूळ उंचीच्या एक वीत खाली आले होते.

"आता बरोबर घरातलं वाटतंय," ती म्हणाली. "चुलीपुढं बसल्यावानी."

पुढचे दोन तास रंध्याची पाती बसवण्यात गेले. पाती बसवायची एक साधी रीत आहे. पात्यांच्या पलीकडच्या, मागच्या मेजावर एक सरळ काडी ठेवायची आणि पात्यांचा रूळ हाताने हळूच फिरवायचा. पाते काडीला किंचित पुढे ओढून सोडून देते. ते ओढणे दोन्ही कडांना आणि मध्येही सारखेच व्हायला हवे. कुठे कमी झाले, तर पाते खाली आहे. जास्त झाले, तर वर आहे. अक्का माझ्यापेक्षा चांगली बसवत होती. मी रूळ फिरवत होतो आणि ती काडीवर डोळा ठेवून "अजून," "बास," "परत" एवढेच बोलत होती. खडी फोडून फुटलेली तिची बोटे नट आवळताना कुठेही घसरली नाहीत, हे मी पाहिले.

चार वाजता माधवराव गुत्तेदार आले. शिरूर अनंतपाळकडचे, चांगली जमीन असलेले घर, बोलायला मोकळे. मागे एक गडी होता. त्याच्या एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात एक पाट होता. जुन्या सागवानाचा, चारही कोपऱ्यांवर पितळी फुले जडवलेला.

खड्ड्यातले यंत्र बघून ते मोठ्याने हसले. "हे काय मास्तर? मशीनची समाधी बांधली का काय?"

"समाधी न्हाई दादा," अक्का म्हणाली. "आंघोळीला बसवलीय. पाणी तेवढं तुम्ही पाठवा."

त्यांना ते आवडले. ते पुन्हा हसले आणि गड्याला खूण केली. पाट माझ्यासमोर ठेवला गेला. "मागं आलतो तवा ताई टाचा वर करून उभ्या व्हत्या. म्हणलं, घरचा पाट न्यावा. लग्नातला हाय. ताईला उभं राहायला."

"त्याची गरज राहिली नाही," मी म्हणालो.

"असू द्या की."

मग त्यांनी नारळ घेतला. "शुभ काम हाय," असे म्हणत ते खड्ड्याच्या काठावर वाकले. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी नारळ यंत्रावर आपटला होता. कुठे, तर मागच्या मेजाच्या ओठावर. रंध्याच्या पात्यांशेजारी मेजाची कड अतिशय पातळ केलेली असते. फळी पात्यावरून आली, की ती कड तिला लगेच झेलते. संपूर्ण यंत्रात मार सहन न करणारी जागा कुठली असेल, तर ती. नारळ फुटला. कडेचा नखाएवढा तुकडाही उडाला. पाणी मेजावरून आम्ही बसवलेल्या पात्यांवर गेले.

छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर आमच्या घरात नारळ फुटला नव्हता. का फुटत नाही, हे माधवरावांना माहीत होते. भिंतीवरची तसबीर शेडच्या दारातूनही दिसत होती. बोलायला सुरुवात करतानाच ते आम्हाला जयभीम घालत. पण ज्याच्या घरी आपण काम द्यायला आलो आहोत, त्याच्या घरचा विधी आपणच ठरवायचा, यात त्यांना काही वावगे वाटले नाही. त्यांच्या हातात शुभेच्छा होती आणि ती त्यांनी सगळ्यात नाजूक जागी हाणली. अशा शुभेच्छांनी या मुलखात किती गोष्टींच्या कडा उडाल्या, याची कोणी नोंद ठेवत नाही.

"प्यायला न्हाई," अक्का मेज पुसत म्हणाली, "अन् लोखंडाला नारळपाणी." ती हे मोठ्याने बोलली. माधवरावांनी न ऐकल्यासारखे केले.

मी कानशीने तुटलेली कड घासली. जखम काठाशीच होती. फळी मधून नेली, तर चालण्यासारखे होते. हमीदने खटका दाबला. यंत्र सुरू झाले. अक्काने सागाची फळी घेतली, मेजावर टेकवली आणि पुढे नेली. तिचे खांदे खाली होते, टाचा जमिनीवर होत्या. रंध्याचा आवाज आधी नीट, एकसुरी आला. अर्ध्या फळीनंतर तो थरथरला.

फळी उलटी करून पाहिली. पृष्ठभागावर आडव्या लाटा उठल्या होत्या, तळ्यात वारा सुटल्यासारख्या. मी यंत्राला हात लावला. मागचा डावा पाय हलत होता. बाभळीच्या पाचरी दुपारी ठोकल्या, तेव्हा आतून ओल्या होत्या. भट्टीसारख्या उन्हात त्या वाळून आखडल्या आणि थरथराटाने सैल झाल्या. कारण मला कळले होते. माधवरावांना ते ऐकायचे नव्हते.

"हे असलं साहेबाम्होरं कसं ठेवू मास्तर?" ते म्हणाले. "बाईमाणसाचा हात. तिची काय चूक न्हाई." आणि उदारपणे पुढे म्हणाले, "उद्या सकाळी मी ह्याच बाजूनं जाणार हाय. येऊन बघतो. जमलं तर ताईचं काम. न्हाई तर दुसरीकडं देतो."

ते निघाले. गडी पाट उचलायला वाकला. त्यांनी त्याला थांबवले.

"ऱ्हाऊ दे तो." मग माझ्याकडे वळून, "परत आणून द्यायची गरज न्हाई, मास्तर. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

मला वाटले, दिलदार माणूस आहे. लग्नातला पाट देऊन टाकला. ते रस्त्याला लागेपर्यंत मला तसेच वाटत होते. अक्काला ते वाक्य पूर्ण होण्याआधीच कळले होते. ती पाटाकडे बघत म्हणाली, "अजून उभीबी ऱ्हायले न्हाई त्याच्यावर. नुसता आपल्या अंगणात टेकला. तेवढ्यानंच त्यांच्या घराला चालंना."

हमीदने मान खाली घातली आणि वायरींचे वेटोळे उगीचच सोडून पुन्हा घातले. शिवी दिली असती, तर ती कोणाला द्यायची? माणसाने पाट आणला होता, आपल्या हाताने, आपल्या घरून. त्याच्या मनात करुणा होती. त्या करुणेला खालून किती उंचीचे पाय होते, हे पाट परत न घेण्यात दिसले. असा राग फार दिवस टिकतो. तो अंगावर येत नाही. माणसाच्या उंचीत भर घालतो किंवा उणे करतो, एवढेच.

ऊन उतरत होते. शेडमधला पत्रा गार होताना टकटक वाजत होता. पाचरींसाठी कोरडे लाकूड हवे होते, पुरते कोरडे, वर्षानुवर्षे मुरलेले. नवे सागवान तसे नव्हते. बाभूळ तर नव्हतीच. मी शेडमध्ये शोधत होतो. अक्काने मला शोधू दिले आणि मग म्हणाली, "हाय की. एवढं कोरडं सागवान पुढ्यात असताना कुठं हुडकतो?"

तिने पाट मांडीवर घेतला आणि पटाशीने चारही पितळी फुले एकेक करून उचकटली. ती तिने कोनाड्यात ठेवली, फेकली नाहीत. मग ती गोल करवतीपुढे उभी राहिली. आता तिच्यावर कुणा गुत्तेदाराचा डोळा नव्हता. मांडीशी लावलेला खटका तिने स्वतःच चालू केला. करवतीचे झाकण वर उचलले गेले, पाट आत गेला, झाकण खाली आले. जुन्या सागवानाचा तो कातड्यासारखा, तेलकट वास मी आजही ओळखेन. आधी आडवे तुकडे, मग त्यांना तिरपा काप. एका पाटात किती पाचरी मावतात, हे लग्न लावणाऱ्यांना माहीत नसते.

सोमवारी सकाळी माधवराव आले. अक्काने त्यांच्यासमोर फळी काढली. त्यांनी तिच्यावर तळवा फिरवला, ती उलटी केली, पुन्हा तळवा फिरवला. लाट नव्हती. काम तिला मिळाले, आणि त्यानंतरही मिळत राहिले. अक्का पुन्हा खडीवर गेली नाही. लातूरच्या किती कचेऱ्यांत किती शिपाई तिच्या स्टुलांवर बसले असतील, ते शिपायांना ठाऊक नाही. ती गेल्यावर यंत्र मी नांदेडला आणले. मागच्या मेजाच्या ओठावर ती नखाएवढी खाच अजून आहे. फळी मी मधून नेतो.

निघताना माधवरावांनी सहज इकडेतिकडे पाहून विचारले होते, "पाट कुठाय हो?"

"मशीन उभी हाय त्याच्यावर," अक्का म्हणाली.

त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिले. मग ते मोटारसायकलकडे चालू लागले.

पण ते दुसऱ्या दिवशीचे. रविवारी, अंधार पडायच्या आत, हमीद घरी गेला होता आणि अक्का भाकरी थापत होती. मी खड्ड्यात उतरलो. मागच्या डाव्या पायाखाली सागाच्या दोन पाचरी समोरासमोरून ठोकल्या, मग उरलेल्या तीन पायांखाली. नळी भरली, पाणी पाहिले. दोन्ही टोकांना सारखे होते. नळी तांब्यात रिकामी केली. पाचरींची बाहेर आलेली टोके हातकरवतीने बेताने छाटली, नट आवळले आणि मेजावर जिथे नारळाचे पाणी वाळून डाग धरू लागला होता, तिथे चिंधीने एरंडेल चोळले.